चाके टेकल्यानंतर

पायपर जे-३ कब हे दोन आसनांचे छोटे विमान एकट्याने उडवताना वैमानिक मागे बसतो. पाहुण्याला पुढची जागा मिळते आणि तिथेही रडरची, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूची, पेडल्स असतातच. मागचे पाय हलले की पुढची पेडल्सही हलतात. पेनसिल्व्हेनियातल्या एका गवती धावपट्टीवर मी पुढे बसून, पाय आखडून ही पेडल्स पाहत होतो. याच राज्यातल्या लॉक हेवन गावी १९४७ पर्यंत हजारो कब तयार झाली.

जमीन जवळ आली तसा नियंत्रणाचा दांडा हळूहळू माझ्या पोटाकडे सरकू लागला. नाक वर गेले, समोरची धावपट्टी दिसेनाशी झाली; दोन्ही बाजूंना फक्त गवताच्या कडा उरल्या. पुढची दोन मुख्य चाके आणि शेपटीचे छोटे चाक एकदमच टेकले. मला वाटले, झाले. पण पेडल्सची खरी धावपळ त्यानंतर सुरू झाली. डावे, उजवे, पुन्हा डावे, जेमतेम बोटभर. विमान मात्र नाकासमोर सरळ धावत होते.

या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक जरा डावीकडे वळले, की मागचे वजन पूर्वीच्याच दिशेने पुढे रेटत राहते आणि ते वळण आणखी वाढवते. तळहातावर उभी धरलेली काठी जशी कलू लागताच सावरावी लागते, तसेच हे. अर्धा सेकंद उशीर झाला, तर बोटभर पेडल पुरत नाही. आणखी उशीर झाला, तर पूर्ण दाबूनही भागत नाही. विमान गर्रकन स्वतःभोवती फिरते. हाच ग्राउंड लूप.

आपटून उतरले की विमान उसळते, त्याचेही कारण मागचा गुरुत्वमध्यच. चाके जोरात टेकली की मागचे वजन शेपटी खाली दाबते, पंख वाऱ्याला जास्त तिरपे होतात, उचल वाढते आणि विमान पुन्हा हवेत उडी घेते. अशा वेळी पुन्हा इंजिनाला पूर्ण जोर देऊन वर जाणे हाच बहुधा शहाणपणा असतो.

वेग ओसरतानाचे क्षण सर्वांत फसवे. रडरवरून वाहणारी हवा कमी होते, त्याची पकड सुटत जाते. पण आडवा वारा उभ्या शेपटीला ढकलत असतोच. गवतावर टायर थोडे घसरतात आणि चूक पोटात घेतात. डांबर टायर घट्ट पकडते, तेव्हा बाहेरच्या बाजूचा चाकाचा पाय मोडू शकतो, पंखाचे टोक जमिनीवर घासते.

हँगरमध्ये अशा अपघातानंतर आलेले एक विमान होते. वरून पाहता फाटलेले कापड आणि वाकलेला प्रोपेलर, एवढेच. पण मेकॅनिक पंख उघडून आतल्या लाकडी स्पारवर, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईवर, दिवा तिरका धरून केसाएवढी चीर शोधत होता. प्रोपेलर जमिनीला लागल्यामुळे इंजिनही खोलून तपासायचे होते. अशा अपघातांत माणसे बहुधा सुखरूप बाहेर येतात. विमान मात्र कित्येक महिने उभे राहते.

एके काळी वैमानिक पायांचे हे कसब पहिल्याच धड्यांत शिकत. आपल्याकडेही तेच होते. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आखलेले आणि १९५१ मध्ये प्रथम उडालेले एचटी-२ हे हिंदुस्थान एअरक्राफ्टचे प्रशिक्षण विमानही शेपटीच्या चाकाचेच. मग नाकाखाली चाक आले. त्यात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने विमान आपणहून सरळ होऊ पाहते. सेस्नाने आपल्या १७० ला नाकाचे चाक देऊन १७२ घडवले आणि १९५६ पासून ते जगभर गेले. वैमानिकांचे पाय निवांत झाले. आज अमेरिकेत शेपटीच्या चाकाचे विमान स्वतःच्या जबाबदारीवर उडवायचे, तर प्रशिक्षकाची वेगळी नोंद लागते. १५ एप्रिल १९९१ पूर्वीपासून अशी विमाने उडवणाऱ्यांना तेवढी सूट आहे.

हा नियम मला योग्य वाटतो. आडवा वारा आणि कडक डांबर ही निमित्ते; पण पुष्कळदा घात करतो तो ‘उतरलो’ म्हणून सुटलेला निःश्वास. तो बाहेर पडतो तेव्हा पाय थांबतात. म्हणून विद्यार्थ्याला लँडिंग शिकवताना टेकण्याच्या नजाकतीइतकाच वेळ त्यानंतरच्या धावेला द्यायला हवा, आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत शाबासकी राखून ठेवायला हवी.