इंजिनाची लाल रेषा आणि चुकीचा गिअर

बंगळुरूच्या उत्तरेस सुमारे साठ किलोमीटरवर असलेला नंदी हिल्स हा डोंगर म्हणजे या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचेही रविवारच्या सहलीचे हक्काचे ठिकाण. पहाटे अंधारात निघावे, धुक्यातला सूर्योदय पाहावा, वर न्याहारी करावी आणि ऊन चढण्यापूर्वी घाट उतरून घरी परतावे, असा बहुतेकांचा क्रम असतो. समुद्रसपाटीपासून १४७८ मीटर उंचीच्या या डोंगराचा रस्ता वळणावळणांचा आहे. चढ लागला की इंजिनाचा आवाज बदलतो आणि समोरच्या फलकावरील एका तबकडीचा काटा भराभर उजवीकडे सरकू लागतो. या तबकडीकडे चालकाचे लक्ष एरवी क्वचितच जाते. तिच्यावर एक ते सात किंवा आठ असे आकडे असतात आणि शेवटचा काही भाग लाल रंगाने रंगविलेला असतो. हीच इंजिनाची लाल रेषा.

ही तबकडी गाडीचा वेग सांगत नाही. इंजिनातील क्रँकशाफ्ट, म्हणजे मुख्य दंड, मिनिटाला किती फेरे घेतो ते ती सांगते. काटा तीनवर असेल तर फेरे तीन हजार. लाल पट्टा जेथे सुरू होतो, तेथपर्यंत इंजिन सुरक्षितपणे फिरू शकते, अशी निर्मात्याची ग्वाही असते. त्यापुढे ही ग्वाही संपते.

फेऱ्यांना मर्यादा का असावी, हे समजण्यासाठी एकेकाळी मध्यमवर्गीयांच्या दारोदारी उभ्या असलेल्या मारुती ८०० चे उदाहरण सोयीचे आहे. ७९६ घनसेंटिमीटर क्षमतेच्या तिच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनचा प्रवास ७२ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम चार बोटांचा. पण इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असताना तोच पिस्टन सेकंदाला शंभर वेळा वर जातो आणि शंभर वेळा खाली येतो. त्याचा सरासरी वेग ताशी बावन्न किलोमीटरच्या आसपास भरतो. बंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात प्रत्यक्ष गाडीला हा वेग दिवसभरात एकदाही मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

मात्र खरी कसोटी वेगाची नाही, थांबण्याची आहे. प्रत्येक टोकाला पिस्टन क्षणभर पूर्ण थांबतो आणि उलट दिशेने निघतो. या उलटापालटीत त्याच्यावर पडणारे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे अठराशे पट असते. पिस्टन आणि त्यासोबत हलणारे भाग मिळून पाव किलोचे धरले, तरी वरच्या टोकाला त्यांना खाली ओढून आणण्यासाठी साडेचारशे किलो वजनाइतका जोर लागतो. हा जोर कनेक्टिंग रॉड आणि तिचे दोन बोल्ट सोसतात. इंधन पेटण्याच्या वेळी वायूचा दाब पिस्टनला वरून ढकलतो, त्यामुळे हा ताण हलका होतो. परंतु जळालेला धूर बाहेर टाकून पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर कोणताच दाब नसतो. त्या क्षणी त्याला धरून ठेवणारे फक्त ते दोन बोल्ट असतात.

आणि हा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दहा टक्क्यांनी वाढले तर ताण एकवीस टक्क्यांनी वाढतो. बँकेच्या ग्राहकांना हे गणित नवे नाही, कारण दहा टक्के चक्रवाढ दराने दोन वर्षांत व्याजही नेमके एकवीस टक्केच होते. सहा हजारांऐवजी साडेसात हजार फेरे झाले, तर साडेचारशे किलोंचा जोर सातशेच्या पुढे जातो. काटा तबकडीवर बोटभर सरकतो, एवढेच काय ते बाहेरून दिसते.

दुसरा नाजूक भाग म्हणजे झडपा, म्हणजेच व्हॉल्व्ह. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदा उघडते आणि मिटते. सहा हजार फेऱ्यांना हे सेकंदाला पन्नास वेळा घडते. उघडण्याचे काम कॅम करतो, मिटण्याचे काम स्प्रिंगचे. फेरे मर्यादेबाहेर गेले की स्प्रिंगला झडप वेळेत मिटवता येत नाही. झडप अधांतरी राहते आणि तोवर खालून पिस्टन येऊन पोहोचतो. ज्या इंजिनांत दोघांमधील अंतर अत्यल्प असते, तेथे दोघांची टक्कर होते आणि झडप वाकते. गॅरेजमध्ये ‘व्हॉल्व्ह बेंड झाला’ हे शब्द कानी पडले की सिलिंडर हेड उतरवावे लागणार आणि बिल मोठे येणार, हे ठरलेलेच.

शर्यतीच्या गाड्यांची इंजिने मग एवढी कशी फिरतात, असा प्रश्न साहजिक आहे. फॉर्म्युला वनमध्ये २००७ साली नियमाने १९,००० आणि २००९ पासून १८,००० फेऱ्यांची मर्यादा घालण्यात आली. त्या इंजिनांतील पिस्टनचा प्रवास चाळीस मिलिमीटरच्या आसपास ठेवलेला होता आणि झडपा स्प्रिंगऐवजी दाबलेल्या हवेने मिटत. तरीही २००९ च्या संपूर्ण हंगामासाठी एका चालकाला आठ इंजिने मंजूर होती. घरच्या गाडीचे एक इंजिन पंधरा-वीस वर्षे चालावे, अशी आपली अपेक्षा असते.

डिझेलची चाल निराळी

डिझेल इंजिनाची लाल रेषा पेट्रोल इंजिनाच्या बरीच अलीकडे, बहुधा साडेचार-पाच हजारांच्या आसपास असते. जास्त दाब सोसण्यासाठी त्याचे पिस्टन आणि रॉड जड केलेले असतात, आणि डिझेलचे ज्वलनही तुलनेने संथ. बंगळुरूजवळच्या बिडदी येथील टोयोटा किर्लोस्कर कारखान्यातून २००५ साली बाहेर पडलेल्या इनोव्हाच्या अडीच लिटर डिझेल इंजिनाची सर्वाधिक शक्ती ३६०० फेऱ्यांनाच मिळत असे. त्यापुढे रेटण्यात आवाजाखेरीज फारसे काही हाती लागत नसे.

किर्लोस्कर हे नाव निघाले म्हणून सांगायचे, तर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला फेऱ्यांच्या मर्यादेची ओळख मोटारीच्या कितीतरी आधी विहिरीवरच्या डिझेल इंजिनाने करून दिली. मिनिटाला पंधराशे फेऱ्यांवर चालणाऱ्या पाच अश्वशक्तीच्या त्या इंजिनाला गव्हर्नर असे. पंपाचा पट्टा निसटून भार अचानक नाहीसा झाला की इंजिन पिसाटल्यासारखे धावू लागे. तेव्हा गव्हर्नरची फिरती वजने बाहेर फेकली जात, इंधन कमी होई आणि इंजिन ठिकाणावर येई. आजच्या मोटारीत हेच काम संगणक करतो. फेरे लाल रेषेजवळ पोहोचताच तो क्षणभर इंधन तोडतो. इंजिन गचके देत तेथेच घुटमळते, पुढे जात नाही. इंधन-इंजेक्शन येण्यापूर्वीच्या, कार्बुरेटर असलेल्या अनेक गाड्यांत हा पहारेकरी नव्हता.

त्यामुळे आज केवळ अॅक्सिलरेटर दाबून इंजिन मोडणे सहसा शक्य होत नाही. घाट चढताना, किंवा महामार्गावर ट्रकला ओलांडताना, इंजिन तापलेले असेल आणि काटा काही क्षण लाल पट्ट्याजवळ गेला, तर घाबरण्याचे कारण नाही. बंगळुरू सुमारे नऊशे मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा समुद्रकाठच्यापेक्षा आठ-नऊ टक्के विरळ आहे. टर्बो नसलेले इंजिन तेवढे कमी जोर देते आणि नंदीच्या माथ्यावर त्याहूनही कमी. तेव्हा चढावर फेरे थोडे अधिक लागणारच. उलट फेऱ्यांचा बाऊ करून चौथ्या गिअरमध्येच चढ रेटणारे, इंजिन कण्हत असताना ‘अॅव्हरेज’ राखल्याच्या समाधानात असणारे चालक पुष्कळ आढळतात. त्यांनी इंजिनावर दया केलेली नसते.

सकाळी गाडी सुरू करताच रेज करण्याची सवय मात्र वाईटच. थंड तेल घट्ट असते, ते सर्वत्र पोहोचून पुरेसे पातळ होण्याआधी वाढवलेले फेरे झीज वाढवतात. बी.एम.डब्ल्यू.च्या एम श्रेणीतील काही गाड्यांत तर तेल तापेपर्यंत तबकडीवरची मर्यादाच खाली ठेवलेली असते आणि ती हळूहळू वर सरकते.

पहारेकऱ्याची पाठ

खरा धोका आहे तो येथून पुढे. संगणक इंधन तोडू शकतो, पण इंजिनाला चाके फिरवत असतील तर तो काहीही करू शकत नाही. गिअर गुंतलेला असला की चाके आणि इंजिन एकमेकांना जखडलेले असतात. त्या वेळी फेरे ठरतात ते गाडीच्या वेगावरून आणि निवडलेल्या गिअरवरून. इंधनाचा थेंबही न जळता इंजिन लाल रेषेच्या पार पलीकडे ओढले जाऊ शकते.

गणपतीसाठी बंगळुरूहून पुण्याकडे निघालेली एक लहान पेट्रोल गाडी डोळ्यांसमोर आणावी. पाचव्या गिअरमध्ये दर हजार फेऱ्यांना तिचा वेग ताशी चौतीस किलोमीटर, चौथ्यात सत्तावीस, दुसऱ्यात चौदा, असे धरू. ताशी एकशे दहाने जाताना काटा सव्वातीन हजारांच्या जवळ आहे. पुढच्या ट्रकला ओलांडण्यासाठी चालक पाचवरून चौथा घ्यायला जातो. नेहमीच्या मांडणीत यासाठी दांडा डावीकडे आणून मागे ओढायचा असतो. घाईत हात थोडा जास्त डावीकडे गेला, तर चौथ्याऐवजी दुसरा पडतो. चौथा पडला असता तर फेरे चार हजारांच्या थोडे वर गेले असते. दुसऱ्यात क्लच सोडताच ते सात हजार आठशेंवर जातात. लाल रेषा सहा-साडेसहा हजारांवर असते. शिवाय इंजिनाच्या विरोधामुळे चालती चाके एकदम आवळली जातात. रस्ता ओला असेल, वळण असेल, तर गाडी घसरते.

घाट उतरताना हीच चूक वेगळ्या वाटेने घडते. उतारावर खालचा गिअर ठेवावा, म्हणजे ब्रेक तापून निकामी होत नाहीत, हा जुन्या चालकांचा उपदेश शंभर टक्के योग्य आहे. पण हा गिअर उतार सुरू होण्यापूर्वी, वेग कमी असताना घ्यायचा असतो. गाडी सुसाट सुटल्यावर तिला आवरण्यासाठी गिअर वापरायचा नसतो. नंदीच्या उतारावर ताशी तीसने दुसऱ्या गिअरमध्ये उतरणारी गाडी सव्वादोन हजार फेऱ्यांच्या आत सुखात असते. आधी ब्रेक, मग गिअर, आणि क्लच सावकाश, हा क्रम उलटला की लाल रेषा जवळ येते.

हाताला एक पूर्वसूचना मिळते, तिच्याकडे दुर्लक्ष होऊ नये. फार खालचा गिअर पडत असेल तर दांडा नेहमीसारखा सहज जात नाही, अडतो. आतील सिंक्रो रिंगला त्या गिअरचा वेग जुळवताना झगडावे लागत असते. अशा वेळी दांडा दामटू नये. काटा आणि वेग यांच्याकडे एक नजर टाकून पुन्हा मध्यभागी आणावा. स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत संगणक असा गिअर घेऊच देत नाही. आणि २००१ साली बंगळुरूतच रस्त्यावर आलेल्या ‘रेवा’ या विजेरी मोटारीसारख्या वाहनांत पिस्टनही नाही आणि चुकण्याजोगे गिअरही नाहीत.

खर्च कोणाचा?

या चुकीची आर्थिक बाजू अनेकांना गॅरेजच्या दारातच कळते. खासगी मोटारीच्या प्रचलित सर्वसमावेशक विमापत्रात झीज, घसारा, यांत्रिक वा विद्युत बिघाड आणि मोडतोड यांना भरपाईतून वगळलेले असते. चुकीच्या गिअरमुळे गाडी घसरून कठड्यावर आदळली, तर आदळण्याचे नुकसान अपघात म्हणून मागता येते. वाकलेल्या झडपा आणि तुटलेली रॉड मात्र सहसा यांत्रिक बिघाडाच्या सदरात जातात. जादा हप्ता भरून मिळणारे इंजिन-संरक्षण मुख्यत्वे पाणी शिरणे किंवा तेल गळणे यांमुळे होणाऱ्या हानीसाठी असते, त्यामुळे त्यातील अटी घेण्यापूर्वीच वाचलेल्या बऱ्या. निर्मात्याची हमीही गैरवापराला लागू होत नाही. इंजिन किती फेऱ्यांपर्यंत गेले होते, याची नोंद अनेक आधुनिक गाड्यांचा संगणक ठेवतो आणि कार्यशाळेत ती वाचता येते. कर्जावर घेतलेली गाडी महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहिली, तरी मासिक हप्ता ठरल्या तारखेला खात्यातून जातोच. वापरलेली गाडी घेणाऱ्याने इंजिनाची तपासणी यासाठीच करून घ्यावी, कारण अशी इजा बाहेरच्या चकाकीवरून कळत नाही.

चूक झालीच, तर क्लच ताबडतोब पूर्ण दाबावा. इंजिन लगेच चाकांच्या तावडीतून सुटते. मग दांडा न्यूट्रलमध्ये आणून ब्रेकने वेग उतरवावा आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. इंजिन मंद चालू ठेवून कान द्यावा. टकटक ऐकू आली, एखादा सिलिंडर चुकत असल्यासारखे इंजिन थरथरू लागले किंवा तेलाच्या दाबाचा दिवा लागला, तर इंजिन बंद करून गाडी ओढून न्यावी. काहीच जाणवले नाही, तरी पहिल्याच संधीला कार्यशाळेत सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा फार कमी भरला, तर तेथील झडप नीट मिटत नसावी, असा संशय धरून पुढचा तपास करतात. या तपासणीला वेळ थोडा लागतो आणि खर्चही सिलिंडर हेड उतरवण्याच्या मानाने किरकोळ असतो.