सोलचं तिकीट काढण्याआधी

ऑगस्ट २०२७मध्ये दक्षिण कोरियात 'जागतिक युवा दिन' भरतोय. चर्चच्या युवा गटातून तिकडे जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठी आणि ग्रुपनं परदेशी निघणाऱ्या कुणासाठीही तयारीची ही उजळणी.

युवा गटाच्या व्हॉट्सॲपवर मेसेज पडतो, 'सोल २०२७, कोण कोण येतंय?' दोन मिनिटांत पस्तीस अंगठे वर. कुणी आवडत्या के-ड्रामातल्या गल्लीचा फोटो टाकतं, कुणी रामेनचा. मग पुढचे सहा महिने त्या विषयावर कुणी काही बोलत नाही. शेवटी फादर विचारतात, 'पासपोर्ट किती जणांकडे आहेत?' आणि ग्रुपवर शांतता पसरते. ओळखीचं वाटतंय ना? वाटत असेल, तर पुढचं वाचाच.

आधी माहिती घेऊ

जगभरातल्या कॅथलिक तरुणांचा हा मेळावा पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८५मध्ये जाहीर केला. दर दोन-चार वर्षांनी तो वेगळ्या देशात भरतो. २०२३मध्ये लिस्बनला शेवटच्या मिस्साला सुमारे १५ लाख माणसं होती. आशियात तो याआधी एकदाच झालाय, १९९५मध्ये मनिलाला. आता ३ ते ८ ऑगस्ट २०२७ या काळात सोल. वसई, मुंबई, पुणे, गोवा इथल्या धर्मग्रामांत त्याची चर्चा सुरू आहे ती म्हणूनच. युरोपपेक्षा कोरिया जवळ आणि के-पॉपमुळे ओळखीचाही.

आपण तिकडे जातोय कशाला?

पहिली मीटिंग या एका प्रश्नावर घ्या. बॅग, बजेट सगळं नंतर. कागद-पेन वाटा आणि प्रत्येकानं दोन ओळीत उत्तर लिहायचं, नाव न घालता. 'फिरायला' असं कुणी लिहिलं तर हसू नका, ते निदान प्रामाणिक आहे. पण गटात फिरायला येणारे किती आणि आणखी काही शोधणारे किती, हे सुरुवातीलाच कळलेलं बरं. नाहीतर तिकडे गेल्यावर अर्धे शॉपिंगला, अर्धे प्रार्थनेला आणि ॲनिमेटर मधल्यामध्ये, अशी गत होते.

'मिशन' या शब्दाचाही गोंधळ काढून टाका. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ साधा आहे : पाठवणं. पाठवलेला माणूस काहीतरी द्यायला जातो, हे आपण गृहीत धरतो. कोरियाचा इतिहास वाचलात तर ते गृहीतक गळून पडतं. तिथं धर्म न्यायला कुणी परदेशी मिशनरी आधी पोचलाच नव्हता. तिथल्या काही विद्वानांनी चिनी भाषेतली पुस्तकं वाचली, यी सुंग-हुन हा तरुण बीजिंगला गेला, १७८४मध्ये बाप्तिस्मा घेऊन परत आला आणि सामान्य माणसांनीच आपला समुदाय उभा केला. पुढं शतकभर छळ झाला. आंद्रे किम तेगॉन हा पहिला कोरियन धर्मगुरू १८४६मध्ये मारला गेला तेव्हा २५ वर्षांचा होता. म्हणजे तुमच्या गटातल्या ताई-दादांच्या वयाचा! अशा ठिकाणी आपण शिकवायला काय जाणार? ऐकायला जायचं. हे डोक्यात पक्कं बसलं, की वागणं आपोआप बदलतं.

मदतीच्या भरात काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण गटात जरूर सांगा. जानेवारी २०१०मध्ये हैतीत भूकंप झाला. अमेरिकेतल्या बाप्टिस्ट चर्चचे दहा जण मदतीला धावले आणि ३३ मुलांना 'अनाथ' समजून शेजारच्या देशात न्यायला निघाले. कागदपत्रं काहीच नव्हती. सीमेवर अटक झाली. नंतर कळलं, बऱ्याच मुलांचे आई-बाप जिवंत होते. परक्याच्या मुलाला उचलून घेणं, न विचारता फोटो काढणं, तो 'गरीब पण आनंदी' अशा कॅप्शनखाली टाकणं, हे सगळं त्याच वाटेवरचं आहे. छोटं आहे, एवढंच.

पैशाचा हिशेब उघड्यावर

खर्चाचे डबे पाच : विमान, नोंदणी, व्हिसा, विमा, हातखर्च. समजा, एका मुलामागे सव्वा लाख लागणार आणि हातात १५ महिने आहेत, तर महिन्याला साधारण ८,३०० रुपये बाजूला पडायला हवेत. हा आकडा पहिल्या महिन्यातच घरी सांगा. 'बघू नंतर' म्हणणाऱ्या घरात शेवटी कर्ज काढलं जातं.

पैसे उभे करायच्या आपल्या पद्धती आहेतच. सणाच्या दिवशी स्टॉल, हाऊझीची संध्याकाळ, नाताळात नेवऱ्यांच्या ऑर्डरी, वसईत असाल तर सुकेळी. पण तीन नियम पाळा. खातं दोन सह्यांचं. प्रत्येक रुपयाची पावती. आणि महिन्याचा हिशेब नोटीस बोर्डावर. पैशावरून फुटलेला गट पुन्हा जुळत नाही, हे कुठल्याही गणेश मंडळालाही विचारा.

आणखी एक. कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियातल्या काकांनी धर्मग्रामाच्या खात्यावर देणगी पाठवायची तयारी दाखवली, तर आधी हिशेबनिसाला विचारा. काकांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ती 'परदेशी देणगी' ठरते आणि संस्थेला ती घ्यायला एफसीआरए कायद्याखाली परवानगी लागते. चांगल्या मनानं आलेला पैसा उगाच डोकेदुखी व्हायला नको.

आणि 'तुमची सीट पक्की करून देतो' म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा. नाव नोंदवायचं ते आपल्या धर्मप्रांताच्या युवा केंद्रामार्फत.

स्पेलिंग सांभाळा

डिमेलो जोडून की तोडून? लोपीसच्या शेवटी 'एस' की 'झेड'? आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि दहावीच्या मार्कशीटवर तिसरंच असतं. पासपोर्ट अडकतो तो इथेच. सगळी कागदपत्रं आजच टेबलावर मांडा आणि एकसारखी करून घ्या. दुरुस्त्यांना महिने जातात. १८च्या आतल्यांच्या पासपोर्टसाठी पालकांचं संमतीपत्र लागतं. प्रवासाच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट हवा.

भारतीयांना कोरियाचा व्हिसा लागतो. तो सगळ्यांना मिळेलच असं नाही. म्हणून तिकीट काढताना रद्द केल्यावर किती पैसे परत मिळतात ते बघा. फॉर्मवर आणि मुलाखतीत जे खरं आहे तेच सांगा. आणि एक कटू गोष्ट, पण गटात स्पष्ट बोला : याआधीच्या मेळाव्यांत काही तरुण यात्रेच्या व्हिसावर गेले आणि तिकडेच गायब झाले, अशा बातम्या आल्यात. एकानं असं केलं की पुढच्या सगळ्या गटांकडे संशयानं बघितलं जातं. कुणाच्या मनात तसं असेल, तर त्यानं या यात्रेचा आडोसा घेऊ नये.

ऊन आणि गर्दी

'आपल्याला उकाड्याची सवय आहे' म्हणून बेफिकीर राहू नका. ऑगस्ट २०२३मध्ये कोरियातच सेमानगम इथं जागतिक स्काऊट जांबोरी भरली होती, सुमारे ४३ हजार मुलं. उन्हानं शेकडो मुलं आजारी पडली, ब्रिटन-अमेरिकेची पथकं अर्ध्यावर बाहेर पडली आणि मागून वादळ आलं म्हणून सगळा तळच हलवावा लागला. महिना तोच, देश तोच. युवा दिनाच्या शेवटी पाठीवर सॅक घेऊन मैलोन् मैल चालायचं असतं आणि रात्र उघड्यावर काढायची असते. तेव्हा आतापासून महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर भरलेली सॅक घेऊन दहा किलोमीटर चाला. नवे बूट दोन महिने आधी घ्या, विमानतळावर जाताना नको. ओआरएसची पाकिटं प्रत्येकाच्या सॅकमध्ये. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत ठेवा. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत तिथले नियम कडक आहेत.

गर्दीचं तर आणखी गंभीरपणे घ्या. सोलच्या इतेवॉन भागात २९ ऑक्टोबर २०२२च्या रात्री एका अरुंद, उताराच्या गल्लीत चेंगराचेंगरी होऊन १५९ जण गेले. बहुतेक तरुणच. आपण मुंबईकर २९ सप्टेंबर २०१७चा एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा पूल विसरलेलो नाही, तिथं २३ जीव गेले. म्हणून पाच-सहा जणांचे छोटे गट करा, प्रत्येकाचा एक प्रमुख. रोज सकाळी 'चुकलो तर इथं भेटायचं' ही जागा ठरवा. मुक्कामाचा पत्ता कोरियन लिपीत लिहिलेला कागद खिशात ठेवा, मोबाइलची बॅटरी संपतेच. गर्दी दाटली तर हात छातीसमोर धरा, पडलेली वस्तू उचलायला वाकू नका आणि लोंढ्याच्या उलट न जाता तिरकं कडेला सरका. कोरियात पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी ११९. हे दोन नंबर सगळ्यांना पाठ हवेत.

चार शब्द त्यांच्या भाषेत

वसईच्या गोन्सालो गार्सियाचं नाव आपण ऐकत आलोय. चारशे वर्षांपूर्वी हा मुलगा जपानला गेला आणि त्यानं तिथली भाषा अशी शिकून घेतली, की पुढं फ्रान्सिस्कन बंधू झाल्यावर तो इतरांचा दुभाषा म्हणून तिकडे परतला. १५९७मध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर चढवलं, १८६२मध्ये तो संत झाला. त्याच्या हातात ना ॲप होतं, ना सबटायटल्स.

तुम्हाला निदान लिपी तरी शिकता येईल. 'हंगुल'ची मूळ अक्षरं २४च आहेत. १४४६मध्ये राजा सेजोंगनं ती सामान्य माणसाला वाचता यावी म्हणूनच जाहीर केली. दोन-तीन रविवार दिलेत तर पाट्या वाचता येतील. भेटल्यावर 'आन्न्योंग हासेयो', आभार मानताना 'कामसाहाम्निदा'. मोठ्यांना वस्तू देताना-घेताना दोन्ही हात पुढं. घरात शिरताना चपला बाहेर. जेवताना थोरांनी सुरुवात केल्यावर आपण. आजीनं लावलेल्या सवयीच की या!

आणि जे येणार नाहीत ते?

खरी परीक्षा इथं आहे. पस्तीस अंगठ्यांतले कदाचित बाराच जण जातील. कुणाच्या वडलांचं काम गेलेलं असेल, कुणाची बारावी असेल, कुणाचा व्हिसा नाकारला जाईल. स्टॉलवर नेवऱ्या विकायला हेच सगळ्यांत पुढं होते, आणि विमानतळावर टाटा करायलाही हेच. असा गट परत आल्यावर टिकतो का?

टिकवायचा असेल, तर नियम आधी करा. सगळ्यांनी मिळून जमवलेला पैसा समान वाटा. त्यातला काही भाग अशा एक-दोघांसाठी राखून ठेवा, ज्यांची तळमळ आहे पण ऐपत नाही, आणि ती नावं फक्त फादर आणि एका ॲनिमेटरलाच ठाऊक असू द्या. मागं राहणाऱ्यांना काम द्या : सोलमधल्या जागरणाच्या रात्री इथंही एकत्र जमायचं. तिकडे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं असतं, म्हणजे इथल्यांना फार जागावंही लागणार नाही. आणि जाणाऱ्यांनी परतल्यावर महिनाभरात एक संध्याकाळ द्यायची. रील्स दाखवायला नाही, तर काय शिकलो ते सांगायला आणि आता इथं काय करणार ते ठरवायला.

तर येत्या रविवारी मिस्सानंतर दहा मिनिटं थांबा. अजेंडा दोनच गोष्टींचा ठेवा : 'का जायचं?' आणि 'पासपोर्ट कुणाकडे नाही?' अंगठे दाखवून झालेत, आता हात वर करा.