घाटातला बैल शेतीला घेताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्नर-आंबेगावात यात्रा म्हटली की घाट, म्हणजे बैलगाडा पळवायची चढाची धावपट्टी, आलाच. थापलिंगच्या खंडोबापासून गावोगावच्या ग्रामदैवतांपर्यंत बैलगाडा पळवणे हा इथल्या यात्रांचा मोठा भाग आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. घाट पुन्हा गाजू लागले, खिल्लार खोंडांना मागणी आली. पण घाटातून उतरलेल्या बैलाचे पुढे काय, यावर फारसे बोलले जात नाही. बैल पंधरा-वीस वर्षे जगतो, वेगाची वर्षे मात्र त्यातली थोडीच. पुढे दहा वर्षे तो कामाचा ठरेल की दावणीला ओझे होईल, हे त्याला घेताना केलेल्या पारखीवर ठरते. आणि नेमकी ती पारख आपल्याकडे ऐकीव समजुतींवर चालते. माझे म्हणणे एवढेच आहे: बैल काल काय पळाला हे विसरून, उद्या त्याला कोणते काम करायचे आहे ते आधी ठरवावे आणि त्या कामाच्या हिशेबाने त्याचे अंग पाहावे.

गैरसमज १ : घाट मारणारा बैल कोणत्याही कामाला चालतो

वस्तुस्थिती अशी की घाटातली बारी काही सेकंदांत संपते. गाड्याला दोन बैल, पुढे जुकाटाला दोन, त्यांच्याही पुढे घोडी, आणि गाडा रिकामा. बैलाने त्या सेकंदांत सगळी ताकद एकदम सोडायची असते. कोळपणीत किंवा पेरणीत हेच गणित उलटे होते. बैल तासन् तास काम करतो तेव्हा तो आपल्या वजनाच्या साधारण दहा टक्के ओढ सतत देऊ शकतो. म्हणजे साडेचारशे किलोचा बैल सुमारे पंचेचाळीस किलोची. ती त्याने सावकाश, एका चालीने, दोन ओळींच्या मधून सरळ चालत द्यायची असते. एका कामात स्नायूंचा झटका लागतो, दुसऱ्यात छाती, फुप्फुसे आणि शांत डोके. यावर कोणी म्हणेल की खिल्लार ही जातच मुळात शेतीची आणि लांब पल्ल्याच्या ओढीची आहे. ते खरेच आहे. म्हणूनच ‘शर्यतीचा बैल शेतीला कधीच लागत नाही’ हा उलटा समजही चुकीचा ठरतो. जातीत गुण असतो, पण समोरच्या बैलाला आवाज झाला की उधळायचे हेच शिकवलेले असते. ते विसरायला त्याला वेळ द्यावा लागतो: आधी हलका ओंडका, सोबतीला मुरलेला शांत बैल, मग औत. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे इव्हेंटिंगसाठी पाहणारे जाणकारही हाच नियम पाळतात. ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि अडथळ्यांवरून उड्या अशा तीन कसोट्या त्या खेळात असतात. म्हणून तिथे घोड्याने किती शर्यती जिंकल्या यापेक्षा त्याचा खांदा, पाठ, सांधे आणि खूर नव्या कामाला पुरतील का, हे आधी तपासतात.

गैरसमज २ : भोवरा, रंग आणि शिंगे पाहिली की बैल कळतो

बेल्ह्याच्या बैलबाजारात काय किंवा चाकणला काय, एखादा भोवरा चुकीच्या जागी आहे म्हणून चांगल्या बैलाची किंमत पडते आणि ‘शुभ’ लक्षणाच्या बैलाचे अधू पाय झाकले जातात. भोवरा म्हणजे केसांची फिरकी. ती वासरू गाईच्या पोटात असतानाच ठरते आणि तिचा मालकाच्या बरकतीशी काही संबंध नाही. इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा. अमेरिकेतील पशुवैज्ञानिक टेंपल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की ज्या गुरांच्या कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेपेक्षा वर असतो ती गुरे कोंडून धरल्यावर सरासरीने जास्त बिथरतात. म्हणजे जुन्या निरीक्षणात काही तथ्य होते का? स्वभावापुरते थोडे असेल. पण ती सरासरी आहे, एकेका बैलाचे भविष्य नव्हे. आणि बैल बिथरतो की नाही हे त्याच्या अंगावर हात फिरवून, मागून चालून, कासरा ओढून प्रत्यक्षच पाहता येते. पांढऱ्याशुभ्र रंगाचेही तसेच. फिकट रंगाला ऊन कमी लागते हा फायदा खरा, पण रंग औत ओढत नाही.

शिंगांकडे मात्र वेगळ्या कारणासाठी बारकाईने पाहावे. शिंगे साळून, तेल लावून चकचकीत केलेली असतात. साळल्यावर शिंगावरच्या वळ्या जातात, त्यामुळे शिंगावरून वय सांगणाऱ्याचे बोलणे धरून चालू नये. शिंगाच्या आत हाड असते, ते पोकळ असते आणि ती पोकळी डोक्याच्या हाडांतील पोकळीशी जोडलेली असते. लांब शिंगांच्या, साधारण पाच ते दहा वर्षांच्या बैलांत शिंगाचा कर्करोग आढळतो, तो शिंगाच्या मुळाशी. एक शिंग किंचित कललेले, मुळाशी हाताला गरम किंवा मऊ लागणारे, बैल सारखे डोके झटकतो, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो, ही त्याची लक्षणे. अशा वेळी व्यवहार थांबवून डॉक्टर बोलवावा.

गैरसमज ३ : उंच, ताठ, कातडी अंगाला चिकटलेला बैल म्हणजे उत्तम बैल

देखणेपण आणि टिकाऊपण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बैल आधी सपाट, कडक जमिनीवर मोकळा उभा करावा. समोरून पाहता पुढचे पाय खांद्यापासून खुरापर्यंत सरळ खाली यावेत. गुडघे आत वळलेले नकोत. बाजूने पाहता मागच्या पायाच्या मधल्या सांध्याला बेताचा बाक हवा. अनेकांना खांबासारखा ताठ पाय ताकदीचा वाटतो, पण त्यात धक्का जिरत नाही. चढावर जोराने रेटा देताना तो सगळा सांध्यावर येतो आणि तिथे सूज धरते. बाक फार असला तर सांध्याच्या मागच्या बाजूवर ताण पडतो. दोन्ही मागचे सांधे हाताने चाचपून एकमेकांशी ताडून पाहावेत. एक दुसऱ्यापेक्षा जाड किंवा गरम लागला तर घाटाने आपली खूण ठेवलेली आहे. खुराच्या दोन्ही नख्या सारख्या, गच्च आणि भेगा नसलेल्या असाव्यात. मग बैल चालवावा. मागचा पाय पुढच्याच्या ठशात किंवा जवळपास पडला तर चाल मोकळी. तो आखडत मागेच पडत असेल किंवा पावलागणिक डोके खालीवर होत असेल तर कुठेतरी दुखते आहे. शेवटी जू बसते ती जागा, म्हणजे वशिंडापुढची मान. खांदेसूज, गाठ, केस गेलेली जाड कातडी, दाबल्यावर बैलाचे अंग चोरणे, हे सगळे तिथे सापडते. घाटात धावताना जू काही सेकंद असते. शेतात ते दिवसभर मानेवर राहणार, म्हणून इथे सूट देऊ नये. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला, जिथे पाऊस कोसळतो आणि भातखाचरात चिखलणी करायची असते, तिथे तर उत्तम खिल्लारही कोरड्या मुलखातला पाहुणा ठरतो. त्या कामाला कडक खुरांचा, तेलकट कातडीमुळे पाऊस सोसणारा डांगी बैलच बरा.

गैरसमज ४ : जुळलेला म्हणजे म्हातारा, आणि नामी बैल म्हणजे नामी वळू

बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे आठच असतात. दुधाचे दात असेपर्यंत आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, आणि आठही आले की जुळलेला. हे साधारण साडेचार-पाच वर्षांच्या वयात होते, म्हणजे जुळलेल्या बैलापुढे कामाची अर्धी हयात अजून असते. त्यानंतर मात्र दातांची झीज पाहून अंदाजच बांधावा लागतो. वळू म्हणून घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वेग एका जनुकावर ठरत नाही. वासराला निम्मा वारसा आईकडून मिळतो आणि उरलेले काम खुराक व सराव करतात. बापाचे नाव पुढे जाईलच असे नाही, पण त्याचे वाकडे पाय पुढच्या पिढीत उतरू शकतात.

यावर शेवटचा आक्षेप असा येतो, की जुन्या माणसांना नजरेतच बैल कळायचा, त्यांना ही तपासणी लागत नव्हती. पण ती नजर नेमकी हेच पाहत होती: पाय, खूर, मान, चाल. लक्षणांची यादी पाठ राहिली आणि ही नजर मागे पडली, एवढाच फरक. म्हणून इसार देण्याआधी बैल शंभर पावले चालवा, मान दाबून पाहा, जमले तर अर्धा दिवस औताला जोडा आणि पशुवैद्यकाकडून सांधे, शिंगे व दात तपासून घ्या. ज्याने घाटात आपल्या गावाचे नाव केले, त्या बैलाला जमेल तेच काम द्यावे, आणि जमणार नसेल तर मालकाने त्याला दावणीला सुखाने राहू द्यावे.