गाडीत पाणी, मालाची हानी

आपले बरेच व्यापारी बांधव कापडाचे तागे स्वतःच्याच गाडीतून पोहोचवतात. माल बहुधा उधारीचा, म्हणजे दुसऱ्याची अमानत. पावसाळ्यात गाडीत पाणी शिरले की ताग्यावर डाग पडतो, बुरशी धरते आणि पार्टी माल परत करते. म्हणून आम्ही गळती आधी घरीच शोधतो.

पाणी साचते तेथूनच ते शिरते असे नाही. मॅट उचलून पत्रा कोरडा करावा. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे. दुसऱ्याने बाहेरून पाइपने खालून वर, एकेका जागी हळूहळू पाणी सोडावे.

वायपरखालच्या जाळीत अडकलेला पाला काढावा, दरवाजाच्या तळाची भोके मोकळी करावीत, फाटलेले रबर बदलावे. पाऊस नसताना एसी चालवल्यावर पायाशी ओल आली, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली समजावी. पाणी रंगीत, चिकट, गोडसर वासाचे असेल तर ते हीटरमधील कूलंट होय. ते मेकॅनिकलाच दाखवावे.

शेवटी मॅटखालचा नमदा उन्हात वाळवावा, नाहीतर पत्रा गंजतो. आणि माल भरण्यापूर्वी तळाला हात लावून पाहावा. अमानत कोरडीच पोहोचली पाहिजे.