दबा धरायचा कधी?

तीन पत्तीवर वाढलेल्या माणसाची पोकरमध्ये सगळ्यात उशिरा सुटणारी सवय म्हणजे भारी पाने आली की गप्प बसणे. दिवाळीच्या रात्री आपण हेच शिकलेलो असतो. ट्रेल लागली की चेहरा कोरा ठेवायचा, लहान चाली करत राहायचे, समोरच्याला वाढू द्यायचे. तिथे ते बरोबरच आहे, कारण वाटलेली तीन पाने शेवटपर्यंत तीच राहतात. पोकरच्या टेक्सस होल्डम प्रकारात हातात दोनच पाने असतात आणि टेबलावर सर्वांची मिळून पाच. तीही आधी तीन (फ्लॉप), मग एक, मग शेवटचे, अशी उघडत जातात. प्रत्येक नव्या पानाबरोबर तुमचा भारी हात हलका होऊ शकतो.

भिलाईत कोहक्याच्या एका मराठी घरात रविवारी दुपारी हा खेळ रंगतो, तो बघायला मी त्या घरातल्या काकूंच्या शेजारी बसले होते. टेबलावरची भाषा निम्मी हिंदी, निम्मी मराठी. पैसे कोणी लावत नाही. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, पण या घरात त्याआधीही नुसत्या प्लास्टिकच्या चिप्सच होत्या. प्रत्येकाला सारख्या चिप्स, दर १५ मिनिटांनी ब्लाइंड (पाने बघण्याआधीच दोघांनी लावायच्या ठरलेल्या चिप्स) वाढणार, संपल्या की उठायचे. पुन्हा विकत घेणे नाही.

ब्लाइंड २००-४०० असताना काकूंना अठ्ठ्यांची जोडी आली. त्यांच्यापुढे १६,००० चिप्स होत्या. एका तरुणाने १,०००चा रेझ केला (पैज वाढवली), मोठ्या ब्लाइंडवर बसलेल्या काकूंनी कॉल केला (तेवढेच लावले), बाकीचे पॅक झाले. फ्लॉप उघडला: इस्पिकचा राजा, चौकटची अठ्ठी, किलवरची तिर्री. हातात जोडी असताना फ्लॉपवर तिसरे पान लागण्याची शक्यता साधारण १२ टक्के, आणि ते लागले होते. काकूंनी टेबलावर बोटाने टकटक केले: चेक, म्हणजे पैज न लावता पाळी सोडणे. मुलाने १,००० लावले, काकूंनी नुसता कॉल केला. चौथे पान बदामची दुर्री. पुन्हा चेक, मुलाचे २,६००, पुन्हा कॉल. शेवटी गुलाम आला, काकूंनी तिसऱ्यांदा चेक केला आणि मुलाने उरलेल्या सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. काकूंच्या तीन अठ्ठ्या उघडल्या तेव्हा त्याच्याकडे एक्का-राणी निघाले. जोडीसुद्धा नव्हती. फ्लॉपवरच काकूंनी रेझ केला असता, तर तो तिथेच पॅक झाला असता.

डाव संपल्यावर मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी माझी पानं बघतच नाही गं त्या वेळी. पुढचं कोणतं पान आलं तर मला वाईट वाटेल, ते शोधते. इथे तसं पानच सापडेना." खरेच होते. चार पानांत चारही रंग आल्यामुळे फ्लश कोणालाच शक्य नव्हता. सरळ ओळ लागायची, तर शेवटी एक्का, चौकी, पंजी किंवा छक्की यावी लागली असती, आणि तीही नेमकी हातातल्या दोन पानांशी जुळायला हवी होती. शिवाय समोर असा मुलगा होता, की कोणी चेक केले की त्याला राहवत नाही. गप्प बसायला या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. समोरचा स्वतःहून पैज लावणारा नसेल, तर तुम्ही गप्प, तोही गप्प, आणि पॉट लहानच राहतो.

थोड्या वेळाने काकूंना दश्श्यांची जोडी आली आणि फ्लॉपवर तिसरी दश्शी. पुन्हा तीन सारखी पाने, आधीच्यापेक्षा वरची. पण ही दश्शी बदामची होती, सोबत बदामची नव्वी आणि डावात आणखी तिघे. काकूंनी लगेच जवळजवळ पॉटएवढी पैज लावली. कोणाकडे दोन बदाम असतील, तर त्याच्यासाठी नऊ बदाम शिल्लक राहतात. पुढच्याच पानाला फ्लश लागण्याची शक्यता सुमारे १९ टक्के, दोन पानांत मिळून ३५. गुलाम-राणीवाल्याची ओळ वेगळीच. तिघेही पॅक झाले. काकूंच्या चेहऱ्यावर जराही हळहळ नव्हती, आणि मला हा निर्णय पहिल्यापेक्षा मोठा वाटला. हात भारी असूनही त्यांनी तो लपवला नाही.

स्पर्धा पुढे सरकते तशी दबा धरायची जागाच कमी होत जाते. ब्लाइंड वाढून एका खेळाडूकडे मोठ्या ब्लाइंडच्या जेमतेम बारापट चिप्स उरल्या होत्या. त्याला एक्क्यांची जोडी आली आणि त्याने नुसता कॉल केला. मागून आणखी दोघे आत आले, मोठा ब्लाइंड फुकटात बसला. एका खेळाडूविरुद्ध एक्क्यांची जोडी साधारण ८५ टक्के वेळा जिंकते. कोणतीही पाने घेऊन पाच जण बसले, तर हेच प्रमाण ४९वर येते. फ्लॉपवर कोणाला तरी दोन जोड्या लागल्या आणि एक्केवाल्याला उठावे लागले. इतक्या थोड्या चिप्स असताना सरळ ऑल-इन केले, तरी कोणीतरी कॉल करतेच. लपवून मिळवायचे असे काही उरतच नाही.

या युक्तीचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला १९८८च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेतला. जॉनी चॅनकडे गुलाम-नव्वी होती आणि फ्लॉपवर राणी-दश्शी-अठ्ठी आली, म्हणजे त्या क्षणी त्याच्या वरचा हातच नव्हता. एरिक सायडेलकडे राण्यांची जोडी झाली होती. चौथ्या पानावर दोघांनीही चेक केले. पाचव्यावर चॅनने पुन्हा चेक केले, सायडेल सगळे घेऊन आत आला आणि चॅनने ओळीने दुसरे विजेतेपद घेतले. १९९८च्या 'राउंडर्स' चित्रपटामुळे हा डाव घरोघर पोहोचला. पण तिथे समोर एकच माणूस उरला होता. ते न बघता केवळ चेक करण्याचे अनुकरण झाले, तेव्हा किती जणांच्या चिप्स गेल्या असतील!

कोहक्यातल्या त्या मुलाने मात्र काकूंच्या चेकवर पैज लावणे त्या दुपारपुरते सोडूनच दिले. काकूंच्या ते लक्षात आले होते. पुढे राजांची जोडी आली, तेव्हा त्यांनी सरळ मोठा रेझ केला. "काकू, या वेळी खरंच काही नाहीये तुमच्याकडे," म्हणत त्याने कॉल केला.