🐟 *शेततळ्यातले मासे: भाव नको, हातात किती पडतं ते बघा*



शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ वाढवणं आता बऱ्याच जणांना जमलंय. पैसा जातो तो विकताना.

*१) वजनातली तूट*
समजा, व्यापारी तळ्यावर ११० रुपये किलो भाव बोलला, पण दर १० किलोला १ किलो जादा घेतला. तुमचे २२० किलो मासे गेले, पैसे मिळाले २०० किलोचे, म्हणजे २२,००० रुपये. खरा भाव पडला १०० रुपये! दुसरा १०५ रुपये बोलला, पण चोख वजन करत असेल, तर तोच २३,१०० देतो. म्हणून भाव ठरवतानाच जादा माप, हमाली, बर्फ, गाडीभाडं कोणाकडे ते बोलून घ्या. काट्यावर वैधमापन विभागाचा मुदतीतला शिक्का बघा. वजन वहीत लिहून दोघांनी सही करा.

*२) उचल जपून घ्या*
बीज-खाद्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतली की मासे त्यालाच, त्याच्याच भावात द्यावे लागतात. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यपालनालाही लागू आहे. आधी बँकेत विचारा.

*३) दिवस बघून जाळं टाका*
श्रावण, नवरात्र, मार्गशीर्षात उठाव कमी असतो. आषाढात मागणी चांगली. आठवड्यात बुधवार, शुक्रवार, रविवार धरा. सगळे मासे एकदम काढू नका. मोठे काढा, लहान वाढू द्या. एका भागातल्या चार-पाच जणांनी तारखा वाटून घ्या. एकाच दिवशी सगळ्यांचा माल आला की भाव पडलाच म्हणून समजा.

*४) ताजेपणा टिकवा*
• काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद.
• पहाटे काढा. मासे उन्हात पडू देऊ नका.
• स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच बर्फात ठेवा. उन्हाळ्यात १ किलो माशाला १ किलो बर्फ. खाली बर्फ, मग मासे, वर परत बर्फ. वितळलेलं पाणी बाहेर जाऊ द्या.
गिऱ्हाईक कल्ले उचलून बघतं. कल्ले लालभडक असले की घासाघीस कमी होते. शिवाय माल बर्फात असला की पडेल भावात द्यायची घाई राहत नाही.

*५) आठवडी बाजारात स्वतः विकताय?*
बर्फ, गाडी, मजुरी, बाजार फी वजा करा. न खपलेला मालही हिशोबात धरा. एवढं करून तळ्यावरच्या भावापेक्षा जास्त उरत असेल तरच जा. पहिल्यांदा थोडाच माल न्या.

बर्फपेटीसाठी अनुदान सध्या चालू आहे का, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

👉 तळ्यात मासे असतील तर *गाव, माशाची जात, अंदाजे किलो, काढणीचा महिना* एवढं या नंबरवर पाठवा. जवळच्या सभासदांच्या तारखा जुळवून देऊ.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी