चाक, हवा आणि चाकोरी

महाविद्यालयाच्या वार्षिकात टायरवर लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या घरात ज्या विषयावर सर्वांत अधिक वाद झाला तो ना राजकारणाचा ना लग्नकार्याचा. तो ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांचा होता. त्या वादात मी अखेरपर्यंत श्रोता होतो. कला शाखेचा विद्यार्थी म्हणून माझ्या मताला किंमत नव्हती, आणि ते योग्यच होते. मात्र ऐकता ऐकता जे कळले ते लिहून ठेवण्यासारखे वाटले.

आमचे गाव घनसावंगी तालुक्यात, कालव्याच्या पाण्याखालचे. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. पुढे पाच वर्षांनी, १ मे १९८१ रोजी, जालना जिल्हा वेगळा झाला. डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर या भागांतून परभणीकडे जातो. पाणी आले तसा ऊस आला. आणि ऊस आला तशी काळ्या रानात आजवर कधी न शिरलेली वजने शिरू लागली. ज्वारीचे कणीस बैलगाडीत मावते. उसाचे तसे नाही.

परदेशात म्हणे हिवाळ्यासाठी निराळे टायर असतात. थंडी सात अंशांच्या खाली गेली की साधे रबर कडक होऊन रस्ता सोडू लागते, म्हणून मऊ रबराचे, बारीक चिरा पाडलेले टायर चढवतात. जर्मनीत तर २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर अशा टायरांशिवाय गाडी चालवणे कायद्याने मना आहे. आमच्याकडे थंडीने रबराचे काही बिघडत नाही. तरीही आमच्या भागात टायर निवडायचा हंगाम हिवाळाच, कारण दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटतात आणि ट्रॅक्टरला एकाच दिवशी रान आणि डांबर अशा दोन धन्यांची चाकरी करावी लागते. सारा घोळ इथेच आहे.

पूर्वीच्या गाडीचा प्रश्न सोपा होता. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, आणि आसाला वंगण. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांचीही चाके लोखंडीच होती, त्यांना दाते असत. १९३२ साली अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने हवेचे टायर असलेला ट्रॅक्टर बाजारात आणला आणि थोड्याच वर्षांत लोखंडी चाके मागे पडली. हवेचा टायर रस्त्यावर वेगाने पळतो, म्हणून तो आला असे आपण समजतो. पण त्याचा खरा गुण वेगळा आहे. तो जमिनीवर किती जोराने टेकतो हे त्याच्यात भरलेल्या हवेवर ठरते. टायरमध्ये चौदा पौंड हवा असेल, तर तळाशी दर चौरस इंचाला साधारण तेवढाच, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो, भार पडतो. साठ पौंड असेल तर चौपट. वजन वाढले की मऊ टायर पसरतो आणि भार वाटून घेतो. कडक टायर पसरत नाही, तो रुततो.

आता आमच्या घरचा वाद सांगतो. मागचे जुने टायर २०२१ साली घेतलेले. वर्ष सव्वावर्षातच त्यांच्या बाजूंना भेगा पडल्या. पंक्चरच्या दुकानातील चाचांनी टायरवरचे चार आकडे बोट ठेवून वाचले, ३५१७. ते म्हणाले, “पाटील, ह्यो टायर २०१७ चा. पस्तिसाव्या आठवड्यात बनला. तुम्ही नवा म्हणून घेतला, पर त्यो चार वर्सं कुठंतरी पडून व्हता.” ज्या दुकानातून घेतले होते तिथे आमची फसवणूक झाली, की दुकानदारालाही ठाऊक नव्हते, हे कळायला मार्ग नाही. बाजूवर पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, एवढे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असावे म्हणून इथे लिहिले.

नवी जोडी कोणती घ्यायची यावर दादाचे आणि अण्णांचे जुळेना. आमच्या टायरवर १३.६–२८ असे लिहिलेले आहे. म्हणजे टायर १३.६ इंच रुंद आणि रिमचा व्यास २८ इंच. दादाला १४.९ हवा होता. “रुंद टायर, जास्त पकड,” एवढेच त्याचे म्हणणे. चाचांनी त्याला समजावले की रुंद टायरला रिमही रुंद लागते. अरुंद रिमवर चढवला तर टायरचे पोट मध्येच फुगते आणि मधलेच रबर झिजते. शिवाय तो टायर उंचीलाही मोठा. चाक मोठे झाले की त्याच गिअरमध्ये वेग वाढतो आणि ओढ कमी होते. चारही चाकांना जोर असलेल्या ट्रॅक्टरला तर मागचे एकटे टायर बदलून चालतच नाही. पुढचे आणि मागचे यांचे प्रमाण बिघडले की आतले गिअर सोसतात. मग दादा म्हणाला, निदान बारा प्लायचा घेऊ. प्लाय म्हणजे पूर्वी कापडाचे खरोखरचे थर. आता तो टायरच्या ताकदीचा नुसता अंक उरला आहे. बारा प्लायचा टायर अधिक हवा आणि अधिक वजन सोसतो. दादाला तेच हवे होते, कारण भरल्या ट्रॉल्या घेऊन तो कारखान्याची वाट धरतो, आणि हवा कमी असेल तर डांबरावर टायरच्या बाजू लवलवून तापतात. अण्णांचे म्हणणे एकच: रानात चौदा पौंडांच्या वर हवा नको.

दोघेही खरे बोलत होते. रस्त्याला कडक हवा लागते, रानाला मऊ. सकाळी फडात आणि दुपारी डांबरावर असणाऱ्या ट्रॅक्टरची हवा दिवसातून दोनदा कोण बदलणार? बहुतेक जण रस्त्याची हवा भरतात आणि तीच रानात नेतात. रस्त्यावर नुकसान झाले तर टायर फुटून लगेच कळते. रान बोलत नाही.

आमचे रान मात्र बोलले. २०२१ च्याच हंगामात कालव्याची पाळी नुकतीच होऊन गेली होती आणि फड ओला होता. वापसा यायला आणखी आठ-दहा दिवस लागले असते. पण टोळी दारात आली होती. ती परत धाडली तर पुन्हा केव्हा येईल याचा नेम नसतो आणि उभ्या उसाचे वजन घटते. अण्णांनी तोड सुरू करू दिली. चार चाकांच्या ट्रॉलीत आठ टन ऊस, स्वतःचे वजन दोनेक टन, म्हणजे एका चाकावर अडीच टन. आणि ट्रॉलीचे टायर अरुंद, हवा साठ पौंडांच्या घरात. ट्रॉली रुतली. दुसरा ट्रॅक्टर जोडला, तोही घसरला. संध्याकाळपर्यंत फडात मांडीएवढे चर पडले होते.

खोडवा फुटला तेव्हा त्या पट्ट्यांत ऊस पिवळा आणि आखूड. अण्णांनी कुदळीने एक बेट उपटले. वीतभर खाली मुळे काटकोनात वळून आडवी गेली होती, जणू खाली फरशी होती. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, म्हणून ती आपोआप मोकळी होते असा आमचा समज होता. वरची वीतभर होते. खालची लवकर होत नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती ऐकून मला आश्चर्य वाटले होते. बैलाचा खूर जमिनीवर चौरस सेंटिमीटरला किलोभर किंवा त्याहून अधिक भार देतो, म्हणजे ट्रॅक्टरच्या मऊ टायरइतकाच. मग बैलाने रान का बिघडले नाही? वरच्या थरात किती दाब पडतो हे हवेवर किंवा खुरावर ठरते. पण तो दाब किती खोल जातो हे एकूण वजनावर ठरते. बैलाचे चार-पाच क्विंटल वरच विरून जातात आणि नांगराने ती माती पुन्हा मोकळी होते. दहा टनांची ट्रॉली नांगराच्या फाळाखाली पोहोचते. म्हणजे आम्ही वर्षभर ट्रॅक्टरच्या टायरवर भांडत होतो आणि खरी गुन्हेगार मागे जोडलेली ट्रॉली होती, जिच्या टायरकडे घरात कोणी बघितलेही नव्हते.

यावर उपाय टायरात नव्हता, चाकांच्या अंतरात होता. ओल्या मातीचे सर्वांत जास्त नुकसान चाकाच्या पहिल्याच फेरीत होते. त्याच जागेवरून दुसरी, तिसरी फेरी गेली तर भर थोडीच पडते. तेव्हा रानभर फिरण्यापेक्षा एकच वाट मळवावी. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची डिस्क आणि रिम उलटसुलट करून दोन चाकांतले अंतर कमीजास्त करता येते. मिस्त्रीकडून आम्ही ते ट्रॉलीच्या चाकांशी जुळवून घेतले, म्हणजे चारही चाके एकाच चाकोरीतून जातील. आम्हा कला शाखेच्या मंडळींना चाकोरीचा भारी तिटकारा. निबंधात ‘चाकोरीबाहेर’ हा शब्द आला की गुण वाढतात. शेतात उलटे आहे.

पहिला बेत असा होता की दर सोळा सरींनंतर एक वाट सोडायची. टोळीतल्या एका बाईने मोळी खाली टाकली आणि अण्णांना तोंडावर विचारले, “रानाला जपता, पाटील, आमच्या मानंला कोण जपनार?” ट्रॉली फडात येत नाही म्हणजे मोळी डोक्यावरून तितकी लांब न्यावी लागते, हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. अण्णा त्या दिवशी जेवताना काही बोलले नाहीत. पुढच्या लागणीला वाटा आठ सरींवर आल्या आणि मुकादमाने मागितलेले जादा पैसेही दिले गेले. वाटांत गेलेल्या जागेचा हिशेब दादा अजून मांडतो, आणि तो खोटा नाही.

टायर अखेर १३.६ चेच घेतले, जुन्याच रिमवर, बारा प्लायचे. पण हवा अण्णांच्या मताने. बसवताना दोन गोष्टी चाचांनी दाखवल्या. टायरच्या आडव्या रबरी दांड्या मागून पाहिल्या तर ८ च्या आकड्यासारख्या दिसल्या पाहिजेत. तसे असेल तर चिखल बाजूला फेकला जातो, उलटे बसवले तर तो दांड्यांतच थापून बसतो. दुसरी, नांगरटीला पकड कमी पडली तर ट्यूबमध्ये तीन-चतुर्थांश पाणी भरावे, लोखंडी वजने विकत घेण्यापेक्षा ते स्वस्त. थंड देशांत ते गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराईड घालतात. आम्हाला विहिरीचे पुरते. मात्र वाहतुकीला निघताना ते काढायचे, विनाकारण ओझे कशाला वाहायचे!

पकड पुरेशी आहे की नाही हे पाहण्याची रीत मी स्वतः करून पाहिली आहे. चाकावर खडूने खूण करावी, नांगर लावून दहा फेरे होऊ द्यावेत आणि तेवढे अंतर मोजून ठेवावे. मग नांगर उचलून तेच अंतर चालवावे. चाकाचे साडेआठ ते नऊ फेरे झाले तर ठीक. आठाच्याही खाली आले तर चाक जागच्या जागी फिरते आहे आणि डिझेल मातीत चालले आहे. आमच्याकडे पहिल्यांदा साडेसात आले. पाणी भरल्यावर पावणेनऊ.

हवा मोजायचे यंत्र आता देवळीत पंचांगाशेजारी असते. रस्त्यावरून आल्यावर फडाच्या कडेला थांबून दादा हवा सोडतो, कुरकुरत, पण सोडतो. परत भरायला ट्रॅक्टरच्या टपावर छोटा पंप बांधला आहे. भेगा पडलेल्या जुन्या टायरांपैकी एक कापून त्याचे म्हशीसाठी गव्हाण केले. दुसरा अजून गोठ्यामागे आहे, आणि त्यावरचे ते चार आकडे अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.